राजूरचा वळू आणि कोंभाळण्याचे बी

नगर जिल्हा म्हटला की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे उजाड माळ आणि पाण्याचे टँकर उभे राहतात. (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेला लागलेले वळण लवकर सुटत नाही.) याच जिल्ह्याचा पश्चिमेकडचा कोपरा, म्हणजे अकोले तालुका, असा की तिथे पावसाळ्यात छत्रीही टिकाव धरत नाही. घाटघर-रतनवाडीला काही वर्षी पाच पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. घोटीहून बारी, शेंडी करीत एस.टी. निघाली की वाटेत १६४६ मीटर उंचीची कळसूबाई दर्शन देते आणि पुढे राजूर येते.

राजूर हे तसे ‘बघण्याचे’ गाव नव्हे. लोक भंडारदऱ्याला जाता-येता इथे थांबतात, पेढ्यांचा पुडा बांधून घेतात आणि गाडीत बसतात. आमच्या सौ.चाही बेत तेवढाच होता. परंतु डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यापाड्यांना राजूर म्हणजे बाजार, दवाखाना, शाळा आणि कचेरी. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही इथेच आहे. १८४८ साली ठाण्याला फासावर गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातले.

इथला पाऊस मात्र इथे राहत नाही. इंग्रज सरकारने १९१० मध्ये भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधायला घेतले, ते १९२६ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे गेले. तिथे ऊस पिकला, साखर कारखाने निघाले, सहकाराचे नाव झाले. वर डोंगरात, जिथे चार महिने आकाश फाटते, तिथल्या कित्येक वाड्यांतल्या बायका चैत्र-वैशाखात हंडा घेऊन दरीतला झरा शोधतात. कुणाला दोष द्यावा म्हणून हे सांगत नाही. पण पेढे खाताना एवढे ठाऊक असावे.

अशा मुलखाने जपायचे तरी काय? त्याचे एक उत्तर राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात दिसते. ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने भरणाऱ्या या प्रदर्शनात भातखाचरांच्या गावांतून लोक आपले वळू, गाई, खोंडे घेऊन येतात. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, बेताची शिंगे, काळे कणखर खूर. रंगावरून त्यांना नावे आहेत: बाहळा, मणेरा, पारा. एका म्हाताऱ्याने मला जवळ बोलावले.

“हात फिरवून बघा, मास्तर.”

मी भीत भीत फिरवला. हाताला तेलकट लागले.

“त्या तेलावरनं पाणी निथळून जातंय. आठ दिवस झड लागली तरी हा चिखलात उभा राहतो. तुमची दुधाची मोठी गाय आणा. दोन दिवसांत आडवी!”

“पण बाबा, आता चिखलणीला यंत्र आले ना?”

“आलं की. पर यंत्राला शेण येतं का?”

यावर एम.ए.च्या पदवीजवळ उत्तर नव्हते.

चांगला वळू हा एका घराच्या मालकीचा असला तरी कामाचा साऱ्या गावाचा असतो. त्याला चरायला लागणारे रानही एकट्याच्या बांधात मावत नाही. ते गायरान असते, नाहीतर जंगल. गावाने ते राखले नाही, तर घरधन्याने कितीही जीव लावला तरी डांगी टिकायची नाही. पंचायत पहिल्या वळूला बक्षीस देते, तेव्हा ते बक्षीस मला थोडे त्या रानालाही दिल्यासारखे वाटते.

दुसरे उत्तर याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात आहे. राहीबाई सोमा पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. पण भात, वाल, भाज्या यांची चाळीसहून अधिक गावठी वाणे त्यांनी राखली. ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली, बचतगटांतल्या बायका जमल्या, बियाणे बँक उभी राहिली. गाडग्यामडक्यांत राख घालून बी ठेवण्याची रीत आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. आपण ती स्वयंपाकघरातून हद्दपार केली, एवढेच. या बँकेचा नियम मला फार आवडला. शेतकऱ्याने बी न्यावे आणि सुगीनंतर दुप्पट परत करावे. व्याजाचा दर पाहून सावकारही लाजेल. पण हे व्याज पुढच्या शेतकऱ्याच्या शेतात जाते. २०२० च्या पद्म पुरस्कारांत राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत जिल्ह्याच्या दुष्काळी बाजूच्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार होते. तिथे गावसभा दरसाल पाण्याचा जमाखर्च मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. एकीकडे पावसाचा कहर, दुसरीकडे ठणठणाट. आणि दोन्हीकडे माणसांना एकत्र बसून ठरवावे लागले.

बसून ठरवण्याला कायद्याचा आधारही आहे. राजूरभोवतीची पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. जल, जंगल, गौण वनोपज यांबद्दल तिचा शब्द लागतो. कागदावर लागतो. प्रत्यक्षात सभेला गणसंख्या जमवण्यापासून कसरत असते. बायका पाण्याला गेलेल्या, तरुण मुले मजुरीला नारायणगाव-नाशिककडे गेलेली. ज्यांच्यासाठी सभा, तेच गावात नाहीत.

आणि आता आपण! मेअखेर ते जूनच्या आरंभी या खोऱ्यांतल्या हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजव्यांची दिवाळी असते. ती पाहायला मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. दिव्यांचे झोत, गाणी, ओरडा. काजवा उजेडाने जोडीदार शोधतो. मोटारीच्या दिव्यापुढे त्याचा उजेड कुणाला दिसणार? राजूरच्या बाजूच्या पुरुषवाडीने यावर आपल्यापुरती वाट काढली आहे. तिथे पाहुणा हॉटेलात नाही, घरात उतरतो. पाळीपाळीने घरे पाहुणे घेतात, गावची मुले वाटाडे होतात.

आमच्या कन्येने विचारले, “बाबा, मोबाइलची बॅटरी लावू का?”

सोबतच्या बारा-तेरा वर्षांच्या वाटाड्याने माझ्याआधी उत्तर दिले, “न्हाई ताई. इथं आमच्या गावानं बंद केलीया.”

ती मुकाट्याने मोबाइल पिशवीत टाकून त्याच्या मागोमाग अंधारात चालू लागली.