खिशातले दप्तर

पूर्वी शाळेचे दप्तर कपाटात असे, कपाटाला कुलूप असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. आता ते सारे दप्तर माझ्या खिशात आले आहे! मोबाईल माझ्या पैशांचा. पण आतली हजेरी, गुण, फोटो आणि आधारचे बारा आकडे मुलांचे.

परवा चिरंजीवांनी खेळता खेळता वर्गातल्या एका मुलीचे आधारकार्ड घरच्या व्हॉट्सॲप गटावर धाडले. "दादा, ही कोण रे?" बहिणीने विचारले आणि माझ्या छातीत धस्स झाले. घाईघाईने पुसले, पण पाहिलेले कसे पुसणार?

भाचा कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे स्वतःच्या फोनवर कामाचे कागद ठेवायचे तर कंपनी त्यांना वेगळे कुलूप लावते. फोन हरवला तर दुरूनच पुसून टाकते."

मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. मला मात्र कलमाआधी त्या मुलीचे वडील आठवले. संध्याकाळी जाऊन सारे सांगितले. ते हसले, "गुरुजी, तुमच्याकडे आहे म्हणजे कुलपातच की!"

मी अधिकच ओशाळलो. घरी येऊन आधी फोनला कुलूप घातले. चिरंजीव दोन दिवस रुसले आहेत.