बाई पीत असेल तर कुणाला सांगायचं?

ही पोस्ट आईला विचारून लिहितोय. "लिही, पण गोडगोड करून लिहू नकोस," एवढीच तिची अट आहे.

26 जूनला जागतिक अमली पदार्थविरोधी दिन झाला. आपल्या तालुक्यातही दरवर्षीप्रमाणे रॅली, शपथ, फोटो. बातमी मीच केली. वीस वर्षं या धंद्यात आहे, दारूवर किती बातम्या केल्या त्याची मोजदाद नाही. हातभट्टीवर धाड, नवऱ्याचा मार खाऊन पोलीस ठाण्यात आलेली बाई, महिलांचा दारूबंदीसाठी मोर्चा. प्रत्येक बातमीत पिणारा पुरुष आणि रडणारी बाई. आमच्या घरात उलटं होतं. वडील एसटीत कंडक्टर, त्यांना सुपारीचंही व्यसन नाही. प्यायची ती आई.

धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला, तिथून सुरू झालं. तिला रात्र रात्र झोप लागायची नाही. कुणीतरी सांगितलं, कोमट पाण्यातून दोन चमचे ब्रँडी घ्या. आपल्याकडे बाळंतिणीला, सर्दीपडशाला ब्रँडी देतातच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. दोन चमच्यांची अर्धी वाटी झाली, मग वाटीचा पेला झाला. ब्रँडी परवडेना तशी देशी आली.

आई ब्लाऊज शिवायची, फॉल-पिकोची कामं घ्यायची. बाटली चिंध्यांच्या पिशवीत असायची. दुकानात बाई कशी जाणार? गल्लीतला एक पोरगा आणून द्यायचा, बाटलीमागे वीस रुपये जास्त घेऊन. वास झाकायला मिश्री, बडीशेप, पान. आधी मापं चुकायला लागली, मग गिऱ्हाईक तुटलं. गल्लीतल्या बायकांना सगळं कळत होतं. पण एकीनंही घरात येऊन "वहिनी, काय होतंय तुम्हाला?" असं विचारलं नाही. हेच वडील पीत असते तर चार जण दारात येऊन समजावून गेले असते.

याच काळात आमच्या वॉर्डातल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान झालं. नियम तुम्हाला माहीत असेल: एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. आई रांगेत उभी राहिली आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली. हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. म्हणाली, "मला वाटलं, दुकानच गेलं तर माझं सुटेल." स्वतःच्या तोंडानं मदत मागायची सोय नव्हती, म्हणून तिनं ती मतपेटीत मागितली. दुकान काही बंद झालं नाही. तेवढी मतं पडली नाहीत.

घराचं काय झालं तेही सांगतो. बहिणीच्या सासरी कळलं आणि तिचं माहेरी येणं बंद झालं. रक्षाबंधनाला मीच तिच्याकडे जायचो, सासू समोर बसून राहायची. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. बायको तिला आजीजवळ एकटी सोडायची नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. वडील कमी बोलायला लागले, मग बोलेनासेच झाले. ड्युटी नसली तरी डेपोत जाऊन बसायचे. मामा यायचे ते आईला बोलायलाच. "पोराबाळांची आई ना तू?" हे एकच वाक्य.

शेवटी मामांनी तोडगा काढला. तिला गावी नेलं, खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. चार दिवसांत दारू उतरेल, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी तिला फिट आली. रुग्णालयात केसपेपर काढताना मामा म्हणत होते, "शुगर कमी झाली म्हणून लिहा." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते इथं मुद्दाम लिहितो, कारण कुणाचा तरी जीव वाचेल: रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते आणि माणूस दगावूही शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. कडी लावून नाही. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि लिव्हरही लवकर खराब होतं.

मग मी आपल्या भागातल्या केंद्रांना फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, "पेशंट कोण, वडील की भाऊ?" मी "आई" म्हटलं की पलीकडे शांतता. मग, "लेडीजची सोय नाही आपल्याकडे." एकानं तर सल्ला दिला, "घरातच मिटवा ना साहेब, कशाला बोभाटा?" शेवटी पुण्यात सोय झाली. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली तिथं सुरू केलेलं मुक्तांगण आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण त्यांचा स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे हे मला, पत्रकार असून, तोवर माहीत नव्हतं. आपल्या तालुक्यातल्या किती घरांना माहीत असेल?

2019 साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल आला. 10 ते 75 वयोगटात दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के, स्त्रिया 1.6 टक्के. आकडा लहान वाटतो ना? म्हणजे हजार बायकांमागे सोळा. आणि ज्या बाईनं नवऱ्यापासून, गल्लीपासून लपवलं, ती दारात आलेल्या सर्वेक्षणवाल्याला खरं सांगेल का? त्याच अहवालात म्हटलंय की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कुठलेतरी उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार घेणारा 180 मध्ये एक. हे स्त्री-पुरुष सगळे धरून. त्यात बायका किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आई पाच आठवडे राहून आली. घरी आल्यावर सगळं लगेच छान झालं असं नाही. दीड वर्षानं पुन्हा प्यायली. त्याला तिकडे 'स्लिप' म्हणतात, आणि तो आजाराचाच भाग धरतात. तेव्हा मामा म्हणाले, "बघ, सांगत होतो." वडील काहीच न बोलता तिला घेऊन पुण्याच्या गाडीत बसले. आज तीन वर्षं झाली, थेंब नाही. मशीन परत सुरू आहे. बहीण येते, पण सासूला न सांगता. काही जखमा अशाच राहतात.

सरकार दरबारी हा आजारच आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणाऱ्या मानसिक त्रासाचा समावेश आहे. पण आपल्या मनात तो पुरुषाच्या बाबतीत 'नाद' आणि बाईच्या बाबतीत 'चारित्र्य' आहे. जोपर्यंत हे असं आहे, तोपर्यंत बाई दवाखान्यापर्यंत येणार नाही, खोलीतच मरेल, आणि केसपेपरवर शुगर लिहिलेलं असेल.

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य विभागाला जाहीर विचारतोय. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी महिला समुपदेशक बसेल का? जिल्ह्यात स्त्रियांसाठी निदान चार खाटा व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवाल का? आशाताई घरोघर जातात, त्यांना हा प्रश्न बायकांनाही, खासगीत आणि न लाजवता विचारायचं प्रशिक्षण द्याल का? याचं उत्तर मिळेपर्यंत मी दर महिन्याला हे विचारणार आहे.

आणि ज्यांच्या घरात असं आहे त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. दोन्ही मोफत. पेशंट बाई आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, आवाज खाली करू नका. फोन करायचा धीर होत नसेल तर मला इनबॉक्स करा. आई म्हणालीय, एखाद्या बाईला बोलायचं असेल तर ती स्वतः बोलेल. दुपारी दोननंतर, तिचं शिवणकाम आटोपल्यावर.