एका गिटारीचा आराखडा

इलेक्ट्रिक गिटार घरी बनवता येते, असे मी म्हणालो तेव्हा वर्गातल्या मित्रांनी मला वेड्यात काढले. त्यांचेही फारसे चुकले नाही. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मराठी आणि इतिहास घेतलेल्या मुलाने विजेच्या वाद्याच्या भानगडीत पडावे, हे जरा विचित्रच. पण गेले पाच महिने मी याच एका गोष्टीचा विचार करतो आहे आणि अजून लाकडाला करवत लागलेली नाही. जे काही झाले आहे ते कागदावर. त्या कागदाचीच ही हकिगत.

साध्या गिटारीचे पोट पोकळ असते. तार छेडली की वरची पातळ फळी थरथरते आणि पोटातली हवा घुमते. इलेक्ट्रिक गिटारीला अशा पोटाची गरज नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. या भागाला पिकअप म्हणतात. पुढे अँप्लिफायर त्या विजेचा मोठा आवाज करतो. १९४० च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकन वादकाने चार इंच जाडीच्या पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणून असे वाद्य केले. पण ओंडका हातात घेतलेला वादक लोकांना रुचेना, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना जुन्या गिटारीचे अर्धे अर्धे अंग जोडले. ते अंग केवळ डोळ्यांसाठी होते. वाजत होता तो ओंडकाच.

हे सारे मी आप्पांना सांगितले. आमचे आप्पा सुतार आहेत. दारे, चौकटी, खिडक्या हे त्यांचे काम. आमचे गाव मिरजेपासून जवळ. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर नावाजलेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत ठेवलेले आप्पांनी लहानपणापासून पाहिलेले. त्यामुळे भरीव लाकूड वाजते हे त्यांच्या पचनी पडेना. "आरं, भोपळा न्हाई, पोकळी न्हाई, मग ह्ये वाजणार कशानं?" असे म्हणून ते पुन्हा रंध्याकडे वळले. मी चुंबकाचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण काही बोलले नाहीत.

मग मी त्यांना एका बापलेकाची गोष्ट सांगितली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पश्चिमेला फेल्टम येथे ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. विकत घेण्याइतके पैसे घरात नव्हते. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते, आणि हात कसबी होता. दोघांनी मिळून गिटार बनवायला घेतली; ती पुरी व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. मानेसाठी कोणी टाकून दिलेल्या जुन्या शेकोटीच्या चौकटीची महोगनी मिळाली. तिला किडीची भोके होती. ती त्यांनी काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगाचा मधला भाग जुन्या ओक टेबलाचा. पट्टीवरच्या खुणा आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. तारा सैल-ताठ करणाऱ्या दांड्याखाली मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, दांडा सायकलचा आणि त्याचे टोक आईच्या विणायच्या सुईचे! हाच ब्रायन मे पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदात प्रसिद्धीस आला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, ही आपल्या जवळची गोष्ट. ती घरगुती गिटार २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजली.

आप्पांनी विचारले ते भलतेच. "त्या भोकांत काड्या घातल्यावर सरस कुठला लावला?" त्या क्षणी मला कळले की आप्पांचे मन वळते आहे.

आता आराखड्याविषयी. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. वादकाला ते वरखाली सरकवता येतात. गिटारीच्या पट्टीत धातूचे पडदे ठोकून बसवतात. एकदा बसले की बसले. म्हणजे कोणता सूर कुठे निघणार हे वाजवणाऱ्याच्या आधी बनवणाऱ्याने ठरवायचे. सप्तकाचे बारा समान भाग करायचे असतील, तर तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागावे. येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागावे, तिथे दुसरा. मी तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली आहे. पहिला पडदा ३६.३७ वर, दुसरा तिथून ३४.३३ वर, तिसरा आणखी ३२.४० वर. असे करीत गेले की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर येतो. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या मला हे मध्यावर येणे पाहून जो आनंद झाला, तो काय सांगावा!

आप्पांचे माप इंच आणि सूत. इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडे जास्त. पडदा अर्धा मिलिमीटर चुकला तरी कानाला खटकतो. तेव्हा हे काम सुताच्या हिशेबात बसणारे नव्हते. पण आप्पांनी माझा तक्ता नीट वाचून घेतला आणि दोन गोष्टी सांगितल्या. "एका पडद्यापास्नं दुसरा मोजू नगंस. सगळं एकाच टोकापास्नं मोज. खिडकीचे गज आम्ही तसंच घेतो, न्हाईतर चूक वाढत जाती." दुसरे, "पेन्सिलीची रेघ जाड. सुरीनं खूण कर." पुढे मी पाहिले, तर वाद्य बनवणारेही हेच सांगतात. त्यांनी कधी गिटार हातात धरलेली नाही, पण गज बसवता बसवता ते तिथेच पोचले होते.

सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण सुमारे ४५ किलोचा होतो. तो सारा ताण मानेवर. म्हणून मानेत पोलादी सळई घालावी लागते. लाकूड जुन्या वाड्याच्या तुळईचे, साग. साग तेलकट, त्याला सरस सहजी धरत नाही, तेव्हा ताज्या रंधलेल्या तोंडावरच लावायचा, हे आप्पांचे म्हणणे मी आराखड्याच्या कडेला लिहून ठेवले आहे. पिकअप, खुंट्या आणि घोडी विकत आणायची. बाकी सारे घरचे.

खरी अडचण वेगळीच होती. चार वर्षांपूर्वी कटर मशीनवर आप्पांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्या दिवसापासून मला कामाच्या पडवीत यायची बंदी झाली. "तू पुस्तक धर, पटाशी मला ऱ्हाऊ दे," हा घरातला कायदा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आप्पांच्या लेखी माझे हात शाबूत राहणे आणि माझे शिक्षण या दोन गोष्टी एकच आहेत. पण मला आप्पांनी बनवलेली गिटार नको होती. त्यांच्याबरोबर मी बनवलेली हवी होती.

हॅरॉल्ड मेंनाही मुलाच्या शिक्षणाची अशीच काळजी होती. ज्यांनी स्वतःच्या हाताने गिटार घडवली, त्यांनाच मुलाने तिच्यापायी खगोलशास्त्राचे संशोधन सोडावे हे रुचले नाही. ब्रायनने ती पीएच्. डी. अखेर पूर्ण केली, पण २००७ साली. वडील १९८८ सालीच वारले होते. हा भाग मी आप्पांना सांगावा की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. शेवटी सांगितला. ते बराच वेळ रंध्याचे पाते पाहत बसले. मग म्हणाले, "परीक्षा कधी हाय?" मी तारीख सांगितली. "मग त्या झाल्यावर ये. मशीन मी चालवणार. हातकरवत आन् पटाशी तू."

तेव्हा आराखडा आता पडवीतल्या भिंतीवर खिळ्याला लावला आहे. माझ्या मिलिमीटरांशेजारी आप्पांनी लाल पेन्सिलीने इंच आणि सूत लिहिले आहेत. सध्या मी इतिहासाच्या दुसऱ्या पेपरची तयारी करतो आहे. पुढच्या स्नेहसंमेलनापर्यंत गिटार झाली, तर मित्रांनी ती ऐकायला जरूर यावे. सूर थोडा इकडेतिकडे झाला, तर तो वाजवणाऱ्याचा समजावा, पडद्यांचा नव्हे.