एकोणचाळीस फूट

काम पुढे ढकलणाऱ्या मुलावर घरात पहिला शिक्का बसतो तो आळशीपणाचा. समुपदेशक म्हणून कोल्हापुरात मी ज्यांना भेटते, त्यांतले बहुतेक जण दिवसभर कशात ना कशात गुंतलेलेच असतात. पीएचडीचा प्रबंध रखडलेला असतो आणि इकडे कपाटातली सगळी पुस्तकं झटकून विषयवार लावून होतात. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचं उत्तरलेखन राहतं आणि नव्या वेळापत्रकावर तीन रंगांच्या रेघा ओढल्या जातात. आळशी माणसाला टाळलेल्या कामाची टोचणी नसते. यांना ती रात्री झोपू देत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न वेळेबद्दल नसतो. ते काम समोर आलं की पोटात काय होतं, असं मी विचारते. एका संशोधक मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मार्गदर्शकांनी तपासलेलं प्रकरण मेलवर आलं होतं. मोबाईलवर त्यांचं नाव दिसायचं, पण मेल काही उघडला जायचा नाही. पुढे तिने विभागात जाणं सोडलं, मग मैत्रिणींचे फोन घेणंही. संशोधनाचा तिला कंटाळा आला नव्हता. त्या पानांवरच्या खुणांत आपली लायकी लिहिलेली असणार, या भीतीसमोर तिला बसवत नव्हतं. मोबाईल पालथा ठेवला की क्षणभर हलकं वाटायचं. मेंदू हे हलकं वाटणं पक्कं लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाट दाखवतो.

फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी 2013 मध्ये हेच मांडलं: चालढकल म्हणजे आत्ताची मनःस्थिती सावरायची धडपड, आणि तिची किंमत उद्या मोजावी लागते. ‘शेवटच्या क्षणीच माझं डोकं चालतं’ असं म्हणणाऱ्यांना मी डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांचा 1997 चा अभ्यास सांगते. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे विद्यार्थी खरोखर निवांत होते. सत्र संपता संपता ताण आणि दुखणी त्यांच्याच वाट्याला जास्त आली, आणि गुणही कमी पडले. अल्बर्ट एलिस यांनी तर विल्यम नाउस यांच्यासोबत 1977 मध्येच या विषयावर पुस्तक लिहिलं होतं. एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली ती कि. मो. फडके यांनी. मला उत्तमच जमलं पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट त्या पद्धतीत सर्वांत आधी तपासला जातो. प्रबंधाच्या पहिल्या वाक्यापाशी महिनोन्महिने अडलेल्या मुलांकडे हाच हट्ट मला पुन्हा पुन्हा सापडतो.

कारण कळलं तरी हात हलत नाही, ही पुढची अडचण. इथे मला आपल्या पंचगंगेचा उपयोग होतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा ‘अजून थोडं बघू’ म्हणत थांबलेल्या कुटुंबांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांत पूर नवा नाही. तिथल्या जाणत्या माणसांशी बोलताना एक गोष्ट मनात ठसली: म्हशी कधी सोडायच्या हे पाण्याकडे बघून ठरवायचं नसतं. पाऊस सुरू होण्याआधीच आकडा ठरलेला असतो आणि तो आला की दावी सुटतात. दारात पाणी आल्यावर घर सोडवत नाही, मन सतरा कारणं काढतं. निर्णय आधीच झालेला असला की त्या घटकेला मनाची परवानगी मागावी लागत नाही.

मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलं. व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्यासोबतचा त्यांचा 1997 चा एक प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत वाचावा असा आहे. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली, हे दोन दिवसांत लिहून पाठवायचं होतं. निम्म्यांना फक्त काम सांगितलं. उरलेल्यांनी ते कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे आधीच ठरवून ठेवलं. पहिल्या गटातल्या जेमतेम एक तृतीयांश मुलांनी वेळेत लिहिलं, दुसऱ्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी.

त्या संशोधक मुलीशी आम्ही असंच ठरवलं. सकाळचा चहा संपला की त्याच टेबलावर मेल उघडायचा, फक्त पहिला शेरा वाचायचा आणि लॅपटॉप मिटायचा. दुरुस्ती त्या दिवशी करायचीच नाही. शेरे कडक होते, पण लायकीबद्दल त्यांत अक्षर नव्हतं. तक्त्यांची मांडणी आणि संदर्भ यांबद्दलच सगळं होतं.

शहरातल्या अभ्यासिकांचं महत्त्वही मला इथेच वाटतं. घरी स्वतंत्र खोली असलेली मुलंही पैसे भरून तिथे खुर्ची घेतात. शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहांना पाठबळ दिलं, तेव्हा खेड्यातल्या पोरांना डोक्यावर छप्पर मिळालं आणि त्याबरोबर अभ्यासाला ठरलेली वेळ आणि सोबतही. शेजारी कुणी मान खाली घालून वाचत असेल तर उठून जाणं अवघड जातं.

पालकांना मात्र कळकळीने एक सांगायचं आहे. बोलणी खाऊन लाज वाढते आणि लाजेपासून पळायला पुन्हा तीच वाट असते. कॅनडात मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला ती कमी केली. तेव्हा ‘किती झालं?’ असं विचारण्याऐवजी ‘कुठे अडलंय?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि मुलाला आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, किंवा लहानपणापासून कशातच लक्ष टिकत नसेल, तर ही नुसती चालढकल नसू शकते. नैराश्य आणि एडीएचडी या दोन्हींवर उपचार आहेत. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि ती परीक्षा संपेपर्यंत पुढे ढकलू नका.