कुंपणाअलीकडचे जिब्राल्टर

ज्या धावपट्टीवर आपले विमान उतरले, तीच चालत ओलांडून गावात शिरायचे, हा प्रकार मी जिब्राल्टरलाच पाहिला. विमानतळाची इमारत एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, मध्ये धावपट्टी. विमान यायचे झाले की फाटक पडते आणि माणसे पिशव्या घेऊन थांबतात, अगदी आपल्याकडच्या रेल्वे फाटकासारखी. २०२३ पासून गाड्यांसाठी खालून बोगदा झाला आहे, पण पायी जाणारे अजून वरूनच जातात.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही लंडनला धाकट्या दिरांकडे गेलो होतो. ‘वहिनी, शनिवार-रविवार मोकळा आहे, जिब्राल्टर बघून या,’ असे त्यांनीच सुचवले. विमानाने जेमतेम तीन तास. ब्रिटनचा वारंवार प्रवेशाचा व्हिसा होता, तो तिथे चालला. पलीकडे स्पेनमध्ये पाऊल टाकायला मात्र शेंगेन व्हिसा लागतो. तो आमच्याकडे नव्हता, त्यामुळे सीमा पाहिली ती अलीकडूनच.

जिब्राल्टर म्हणजे अवघा पावणेसात चौरस किलोमीटरचा तुकडा. वस्ती चौतीस हजारांच्या आसपास, आणि डोक्यावर ४२६ मीटर उंच चुनखडीचा खडक. इ. स. ७११ मध्ये तारिक नावाचा सेनापती इथे उतरला, त्याच्यावरून ‘जबल तारिक’ म्हणजे तारिकचा डोंगर. त्याचेच पुढे जिब्राल्टर झाले. १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमाराने ते घेतले आणि १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात स्पेनने ब्रिटनला देऊन टाकले. स्पेनचा दावा आजही सुटलेला नाही.

व्हॅनने वर गेलो. स्वच्छ हवेत समुद्रापलीकडे आफ्रिकेचे, म्हणजे मोरोक्कोचे डोंगर दिसतात. माकडांनी आमच्या लेकीच्या हातातले बिस्किटांचे पुडके पळवले. ही माकडे गेली की इंग्रज जातील अशी जुनी समजूत आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात संख्या घटली तेव्हा चर्चिलने ती वाढवायला लावली होती. गुहा, तोफा, खडकात कोरलेले बोगदे, हे सारे पर्यटकांच्या पुस्तकांत सविस्तर सापडेल. मला जास्त रमवले ते खालच्या मेन स्ट्रीटने.

तिथली माणसे बोलू लागली की वाक्य इंग्रजीत सुरू होते आणि स्पॅनिशमध्ये संपते. मधेच एखादा शब्द जेनोवाच्या इटालियन खलाशांचा, एखादा माल्टाचा. या बोलीला ‘यानितो’ म्हणतात. लेक माझ्या कानाला लागली, ‘आई, ही आपल्यासारखीच बोलायलेत की!’ मला हसू आले. आमच्या घरी वाढणाऱ्याचा हात ‘साकु’ म्हटल्याशिवाय थांबत नाही, आणि लगेच पुढचे वाक्य मराठीत येते. आमच्या सासूबाई तर भाजीवालीशी घासाघीस कन्नडमध्ये करतात आणि ती गेल्यावर भाव जास्त लावला म्हणून कुरकुर मराठीत.

पण तिथल्या वडीलधाऱ्यांना आता वेगळीच काळजी आहे. सरकारी भाषा एकटी इंग्रजी, शाळा इंग्रजी, दूरदर्शन आणि मोबाइल इंग्रजी. नातवंडांना आजीची स्पॅनिश कळते, पण उत्तर ती इंग्रजीत देतात. हे ऐकताना मी लेकीकडे पाहिले नाही.

मेन स्ट्रीटवर सिंधी दुकाने बरीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी इथे येत गेले. इंजिनिअर लेनमध्ये त्यांचे मंदिरही आहे. एका दुकानात साठी ओलांडलेले मालक हिंदीत बोलू लागले. आम्ही बेळगावचे, सीमेवरचे, म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे केले.

१९६७ मध्ये ब्रिटनने इथे सार्वमत घेतले. ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूने १२,१३८ आणि स्पेनच्या बाजूने ४४ मते पडली. १९६९ च्या ८ जूनला फ्रँकोने सीमेचे फाटक बंद केले. पलीकडच्या ला लिनिया गावातून रोज कामाला येणारे हजारो लोक एका दिवसात बेकार झाले. पुढे टेलिफोनही तोडला. दोन्हीकडे सोयरिकी होत्या, बहीण इकडे तर भाऊ तिकडे. समोर दिसणाऱ्या घरी जायचे तर बोटीने मोरोक्कोतल्या टँजिअरला आणि तिथून दुसऱ्या बोटीने स्पेनला.

‘आम्ही शाळकरी पोरं,’ ते म्हणाले. ‘रविवारी कुंपणाशी माणसं जमायची. मध्ये मोकळी जागा सोडलेली, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागायचं. कुणी बाळंत झाली की बाळ दोन्ही हातांनी वर धरून दाखवायचे. माझ्या वर्गमित्राच्या आजीनं त्याच्या धाकट्या बहिणीला असंच पाहिलं. पूर्वेचा वारा सुटला की एक शब्द ऐकू येत नसे. मग नुसते हातरुमाल हलवायचे.’

फ्रँको १९७५ मध्ये गेला. फाटक मात्र पायी जाणाऱ्यांना उघडले ते १९८२ च्या डिसेंबरात, आणि गाड्यांना १९८५ च्या फेब्रुवारीत. म्हणजे ज्याने कुलूप लावले तो गेल्यावरही सात वर्षे किल्ली कुणाला सापडेना! ४४ विरुद्ध १२,१३८ हा कौल स्पष्टच होता, आणि लोकांना विचारले गेले याचे मला मोल वाटते. आपल्याकडच्या प्रश्नाशी त्याची तुलना मी करणार नाही, दोन्हींची जात निराळी. पण कौल कितीही स्पष्ट असला तरी नातीला तेरा वर्षे दुरूनच पाहणाऱ्या आजीला त्याचा काय उपयोग, असे तिथे बसल्या बसल्या मनात आलेच.

मालकांनी शेजारून ‘कालेंतिता’ मागवली. हरभऱ्याच्या पिठात पाणी, मीठ, ऑलिव्हचे तेल घालून भट्टीत भाजलेली, नावाचा अर्थ गरमागरम. चव थेट आपल्या पाटवडीची, फक्त फोडणी आणि वरचे खोबरे-कोथिंबीर नाही. यांनी लसणाच्या चटणीची आठवण काढली.

रविवारी संध्याकाळी विमानाला वेळ होता म्हणून सीमेच्या फाटकापर्यंत गेलो. सुमारे पंधरा हजार लोक रोज स्पेनमधून इथे कामाला येतात. ब्रेक्झिटच्या २०१६ च्या मतदानात जिब्राल्टरने ९६ टक्के मते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने का दिली, ते इथे उभे राहिले की कळते. आम्ही परतल्यानंतर, २०२५ च्या जूनमध्ये, ब्रिटन आणि युरोपीय संघात समझोता जाहीर झाला. या फाटकावरची तपासणी काढून ती विमानतळ आणि बंदरावर न्यायची, असे त्यात ठरले. ती बातमी मी दुकानदारांना पाठवली. उत्तर आले, ‘वाचली. वर्गमित्राला फोन केला. त्याची ती बहीण आता लग्न होऊन पलीकडेच राहते.’