तुळशीखालचा डाग

आमच्या डायनिंग रूमच्या लाकडी फ्लोअरवर, खिडकीजवळ, एक काळा गोल डाग आहे. साधारण जेवणाच्या ताटाएवढा. बाकीचं फ्लोअर नव्यासारखं चकचकीत आहे, त्यामुळे तो जरा जास्तच दिसतो. घरी येणारं प्रत्येक जण विचारतं, "हे काय झालं?" मी "मोठी गोष्ट आहे" म्हणते आणि चहा टाकायला जाते. ती मोठी गोष्ट एकदा लिहूनच काढावी म्हटलं.

मी सांगलीची. घरात फरशी असते आणि ती पुसायची असते, एवढंच माझं या विषयातलं ज्ञान होतं. 2016 साली डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आम्ही घर घेतलं, तेव्हा एजंट बाईंनी खाली बोट दाखवून कौतुकाने सांगितलं होतं, "रेड ओक, सॉलिड." सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड फळ्या. हॉल आणि डायनिंग रूममधून सलग, मध्ये उंबरा नाही की पट्टी नाही. त्यांवर अनवाणी चाललं की पावलं गार पडत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली. आमच्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत पाणी होतं, पाच दिवस. आई मावशीकडे विटा गावात जाऊन राहिली. परत आल्यावर तिने शहाबादी फरशीवरचा चिखल फावड्याने ओढून काढला, फिनाइलने चार वेळा धुतली, आणि फरशी होती तशी झाली. कपाटं, गाद्या, फोटोंचे अल्बम मात्र गेले. घराचा विमा वगैरे काही नव्हता. ऑक्टोबरमध्ये मी तिला बळेच इकडे आणलं.

इथे आल्यावर तिला तुळस हवी होती. मंडळातल्या एका मैत्रिणीने रोप दिलं. थंडी पडायला लागली तशी कुंडी आत आली, खिडकीजवळ, एका लोखंडी स्टँडवर. आई रोज अंघोळ करून तिला पाणी घालायची. मार्च 2020च्या पहिल्या आठवड्यात ती परत गेली, आणि थोड्याच दिवसांत विमानं बंद झाली. मी कुंडी उचलली तेव्हा खाली हा डाग होता. ओकच्या लाकडात टॅनिन असतं. ओलाव्यात त्याला लोखंड लागलं की काळं पडतं. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून पूर्वी शाई करायचे, त्यातलाच प्रकार. लाकडात आपसूक शाई तयार झाली होती. मी त्यावर एक गालिचा टाकला आणि विसरून गेले.

मग आला फेब्रुवारी 2021.

टेक्ससमध्ये थंडी पडते, पण असली नाही. 16 फेब्रुवारीला डॅलस विमानतळावर उणे 2 फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे जवळपास उणे 19 सेल्सिअस. इतकं खाली तापमान तिथे 1949 नंतर गेलं नव्हतं. टेक्ससचं विजेचं जाळं बरंचसं स्वतंत्र आहे. गोठलेले वीज प्रकल्प बंद पडत गेले आणि 15 तारखेच्या पहाटे लोकांची वीज तोडायला सुरुवात झाली. 40 लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. अख्खं जाळं कोसळण्यापासून आम्ही 4 मिनिटं 37 सेकंद दूर होतो, असं नंतर वाचलं. आमच्या घरात तीस तास वीज नव्हती. आम्ही तिघं एका खोलीत, सगळी पांघरुणं एकत्र करून, मुलीला मध्ये घेऊन झोपलो. स्वेटरांवर शाल, शालीवर आईने शिवलेली गोधडी.

इथली बरीच घरं जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटवर उभी असतात, त्यामुळे पाण्याचे पाइप पुष्कळदा वरून, माळ्यातून जातात. पाइप गोठतो तेव्हा फुटल्याचं कळत नाही. बर्फच बूच बनून बसतो. कळतं ते वितळल्यावर. बुधवारी दुपारी, वीज येऊन सगळे खुशीत असताना, हॉलच्या छतातून आधी ठिपके आले, मग धार, आणि मग ओल्या कापसासारख्या इन्सुलेशनसकट छताचा एक तुकडाच खाली आला. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. तो रस्त्याकडेच्या मीटरच्या खड्ड्यात, बर्फाखाली होता. सापडेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. (तुमच्या घराचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे हा लेख सोडून आत्ता बघून आलात तरी चालेल.)

फरशी असती तर पुसली असती. लाकडाचं तसं नाही. वरचं पाणी आम्ही टॉवेलांनी टिपलं. पण फळ्यांच्या फटींतून गेलेलं पाणी खालच्या प्लायवूडमध्ये मुरलं, आणि त्याखाली काँक्रीट असल्याने त्याला जायला जागाच नव्हती. चौथ्या दिवशी, पन्नास फोन केल्यावर, पाणी वाळवणारे लोक आले. त्यांच्याकडे ओलावा मोजणारं यंत्र होतं. घरातल्या लाकडात साधारण 6 ते 9 टक्के ओलावा असतो. हॉलमध्ये 28 दाखवत होतं. डायनिंग रूममध्ये 8. पंखे आणि डीह्युमिडिफायर आठवडाभर दिवसरात्र घोंघावत होते. तोवर हॉलच्या फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या. पाय फिरवला की पन्हाळीच्या पत्र्यावरून चालल्यासारखं वाटायचं.

विमा होता. घरावर कर्ज असेल तर बँक तो घ्यायलाच लावते. दरवर्षी पैसे भरायचे आणि कागद फाइलला लावायचे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. आता रात्री दोन वाजता मी ती पॉलिसी वाचू लागले. पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान भरून मिळणार होतं, पण घर उबदार ठेवायची वाजवी काळजी घेतलेली असेल तर. जुनं, हळूहळू झालेलं नुकसान मिळणार नव्हतं. आणि आणखी एक कलम होतं: महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली, तर पॉलिसीच रद्द.

दुसऱ्या दिवशी काम बघायला ठेकेदार आला. गालिचा उचलून डाग बघितला आणि म्हणाला, "हे पण पाण्याचंच. सांगा वादळाचं आहे. दोन्ही खोल्या नव्या होतील." साधारण सहा हजार डॉलरचा फरक होता. नवरा म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. पाच वर्षं हप्ते भरतोय. आणि पाणी ते पाणी." माझं मन ठरेना. आईला फोन केला. वाटलं होतं, ती म्हणेल, खोटं बोलू नकोस बाळा.

आई म्हणाली, "सांग की वादळाचं. काय बिघडतंय?"

"अगं, पण ते तुझ्या तुळशीचं आहे."

"मग? पुरानंतर पंचनाम्याला तलाठी आले, तेव्हा मी मिक्सर पण सांगितला होता. तो तर गणपतीच्या आदल्या वर्षीच जळला होता."

"मिळाले पैसे मिक्सरचे?"

"कसले मिळतायत. त्यांनी लिहिलाच नाही. सगळ्यांना सारखीच मदत. पाच हजार हातात, बाकीचे खात्यात."

अ‍ॅडजस्टर म्हणजे विमा कंपनीकडून नुकसान बघायला येणारा माणूस. तो बाराव्या दिवशी आला. मास्क लावलेला, दमलेला, त्या दिवसातलं आमचं सहावं घर. त्याने माळा बघितला, फुटलेल्या पाइपचा तुकडा बघितला. हीटर चालू होता का, असं विचारलं. चालू होता, वीज नव्हती, मी म्हणाले. त्याने मान डोलावली. मग तो डायनिंग रूममध्ये आला. गालिचा आम्ही आधीच काढून ठेवला होता. त्याने यंत्र लावलं, 8 आलं. डागाकडे बघून त्याने सहज विचारलं, "हा कधीचा?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मला खरंच सांगायचं होतं की वादळाचा. वाक्य तयार होतं. पण खोटं बोलायला जी सहजता लागते ती माझ्या इंग्रजीत नाही. आणि रात्रीचं ते कलम डोळ्यांपुढे होतं. मी म्हणाले, "जुना आहे. माझ्या आईच्या कुंडीचा." हा प्रामाणिकपणा होता की भीती, हे मी आजही सांगू शकत नाही. त्याने टॅबवर काहीतरी टिपलं आणि पुढे गेला. त्या रात्री नवरा माझ्याशी जेमतेम बोलला.

अंदाजपत्रक आलं: छत, भिंती, रंग, हॉलचं फ्लोअर धरून 31,400 डॉलर. त्यातून जुनेपणाची घट 6,900. ती काम पूर्ण करून बिलं दाखवल्यावर मिळणार. त्यातून आमचा स्वतःचा वाटा, घराच्या विम्याच्या रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 3,800. हातात पहिला चेक 20,700चा. "हातात" हे म्हणायला. चेकवर आमच्याबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीचंही नाव होतं, आणि तिची सही मिळवण्यात पाच आठवडे गेले. तेवढा काळ आम्ही हॉलमध्ये उघड्या काँक्रीटवर राहिलो. मुलगी चटईवर बसून ऑनलाइन शाळा करायची. डायनिंग रूम जशी आहे तशी, मध्ये जोडपट्टी मारायची, असं अंदाजपत्रकात होतं.

इथे मात्र मी भांडले. दोन्ही खोल्यांचं फ्लोअर सलग आहे, एकाच दारातून दोन्ही दिसतात, अर्धं नवं आणि अर्धं जुनं केलं तर नुकसान भरून निघालं असं होत नाही. 2016चे घर घेतानाचे फोटो, मधल्या जोडाचे फोटो, हॉलमधून काढून ठेवलेली एक फळी, असं सगळं जोडून मेल केली. डागाबद्दल काही मागितलं नाही. तीन मेल आणि दोन फोनांनंतर त्यांनी मानलं: हॉलच्या नव्या फळ्या जुन्यांमध्ये विणून घ्यायच्या, आणि दोन्ही खोल्या तासून एकत्र पॉलिश करायच्या. आणखी 2,640 डॉलर मंजूर झाले. डाग मी आधीच खरा सांगितला होता म्हणून माझं बाकीचं ऐकलं गेलं, असं मला वाटायला आवडतं. नवऱ्याच्या मते मी चिकट आहे म्हणून.

फ्लोअर बसवायला मे उजाडला. बसवणारा मेक्सिकोचा, पन्नाशीचा माणूस. नव्या फळ्या आणून त्याने पाच दिवस नुसत्या घरात ठेवल्या. लाकडाला घराची हवा लागू दे, म्हणाला. खालच्या प्लायवूडचा ओलावा रोज मोजायचा. घाईने तासलं तर आज सपाट दिसेल, पण लाकूड पुरतं वाळल्यावर फळीच्या पोटाला फुगवटा येतो, हे त्याने हाताने करून दाखवलं. त्याच्या भाड्याच्या घरातही पाइप फुटला होता. भाडेकरूचा विमा नव्हता. "गाद्या फेकल्या," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. त्या दिवसापासून दोन वेळचा चहा आणि पोहे त्याला आमच्याकडून होते. बाकी काय करणार होतो?

तासताना डाग थोडा फिका झाला, गेला नाही. लोखंडाचं काळं खोल उतरतं. त्याने मला बोलावलं, चार फळ्या बोटाने मोजल्या आणि म्हणाला, "या बदलतो. उरलेल्या आहेत. पैसे नकोत."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "सहा हजारांचा डाग आहे. राहू दे." तीन महिन्यांत तो पहिल्यांदा यावरून हसला. मी बसवणाऱ्याला म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवून नवं फ्लोअर दाखवलं. ती मान डोलावत होती, छान, छान. कॅमेरा खिडकीपाशी आला तशी ती थांबली. तिच्या मागे सांगलीच्या घराची भिंत दिसत होती, नवा रंग देऊनही पुराच्या पाण्याची रेघ पुसट दिसणारी.

"हे काय गं? एवढे पैसे दिले कंपनीने आणि एक डाग निघाला नाही?"

"तुझ्या तुळशीचा आहे, आई."

"मग त्यावर कुंडी तरी ठेव. दिसायला कसं दिसतंय ते."

कुंडी ठेवली आहे. या वेळी खाली प्लॅस्टिकची ताटली आहे.