फ्रेडरिकस्टेडची साखर

क्रूझला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. लेकीला समुद्र आणि स्नॉर्केलिंग हवं होतं, तर आम्हा दोघांना स्वयंपाक, भांडी आणि ऑफिसचे फोन यांपासून आठवडाभर सुट्टी. बोटीवर दिवसरात्र खायला मिळतं हे ठाऊक असूनही बॅगेत चिवडा आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली गेलीच. तिसऱ्या दिवशी त्याच बाटलीने आमची लाज राखली, हेही कबूल केलं पाहिजे!

सान हुआनहून निघालेली आमची बोट एका सकाळी सेंट क्रॉय बेटावरच्या फ्रेडरिकस्टेडला लागली. लांबलचक धक्का, त्याच्या टोकाला लालभडक रंगाचा एक बुटका किल्ला आणि मागे कमानींच्या ओसऱ्या असलेली जुनी घरं. आज हे अमेरिकेचं गाव आहे, पण गल्ल्यांची जुनी नावं कोंगेन्सगाडे, प्रिन्सेन्सगाडे अशी. कारण १९१७ पर्यंत हे डेन्मार्कचं बंदर होतं. त्या वर्षीच्या ३१ मार्चला अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून ही बेटं विकत घेतली. गाड्या अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी चालवायची तीही रस्त्याच्या डावीकडूनच! पुण्यात गाडी शिकलेल्या आम्हालासुद्धा रस्ता ओलांडताना तीनतीनदा मान फिरवावी लागली.

गावाला नाव मिळालं ते डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्यावरून. हे वाचलं आणि आम्ही थबकलो. याच राजाच्या नावाने डॅनिश लोकांनी हिंदुस्थानातही एक गाव वसवलं होतं, बंगालमध्ये हुगळीच्या काठी. त्यांनी त्याचं नाव फ्रेडरिक्सनगर ठेवलं, आपण त्याला श्रीरामपूर म्हणतो. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरे १८०० साली या डॅनिश गावात येऊन राहिला आणि १८०५ साली त्याने तिथल्या छापखान्यात मराठी भाषेचं व्याकरण छापलं. म्हणजे आपली मराठी छापखान्यात गेली तेव्हा त्या गावावर डेन्मार्कचं निशाण होतं.

आमच्यातल्या पुरुष पक्षाचं लहानपण श्रीरामपूरच्या पंचक्रोशीत गेलं, पण ते नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर. शाळेत बाईंनी 'श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं' असं सांगितलं तेव्हा आमची छाती फुगली होती. ते श्रीरामपूर बंगालमधलं, हे कळायला पुढची दोन वर्षं जावी लागली. आमच्या श्रीरामपूरची कीर्ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे ऊस.

आणि फ्रेडरिकस्टेडचीही तीच! हे सगळं बेट एके काळी उसाखाली होतं. म्हणून समुद्राचा पक्ष दुपारपर्यंत थांबवून आम्ही टॅक्सी केली आणि जवळच्या एका जुन्या मळ्यावर गेलो. तिथे दगडी पवनचक्की आहे आणि मालकाचा जाडजूड भिंतींचा वाडा आहे. पवनचक्कीत उभे लोखंडी रूळ बसवलेले असत, त्यातून ऊस घालायचा, रस पन्हाळीतून खाली उकळायच्या खोलीत जायचा. तिथे ओळीने मांडलेल्या कढया, पहिलीतला रस आटला की दुसरीत, मग तिसरीत. म्हणजे आपलं गुऱ्हाळच, फक्त चरकाला बैलांऐवजी वारा. भिंतींच्या चुन्यात मळी मिसळलेली आहे असं समजलं तेव्हा आमच्यातला इंजिनियर जागा झाला. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालत! आम्ही लेकीला उत्साहाने सगळं समजावून सांगू लागलो. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री येणारा मळीचा वास, उसाच्या गाड्यांची रांग, गाडीमागे पळत ऊस ओढून काढायची मजा, आजोबांनी कोयत्याने तासून दिलेले करवे. आमचा पट्टा लागला होता.

टॅक्सीवाले आजोबा शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "रुळाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असायची, ते सांगितलंत का मुलीला?" आम्ही गप्प. रात्रंदिवस घाणा चाले. झोपेने पेंगुळलेल्या गुलामाचा हात रुळात गेला तर चक्की लगेच थांबवता येत नसे, तेव्हा माणूस वाचवायचा तर हात तोडायचा. कुऱ्हाड त्यासाठी.

परत गावात आलो. किल्ल्याजवळच्या बागेत शंख फुंकणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. आपल्याला शंख म्हटला की देवघर आठवतं. इथे १८४८ च्या जुलैत मळ्यामळ्यांवरून शंख वाजले ते बंडाची खूण म्हणून. बारा वर्षांनी सगळ्यांना मुक्त करू, असं राजाने आदल्या वर्षी जाहीर केलं होतं. लोकांनी ठरवलं, बारा वर्षं नाही, आज! हजारो गुलाम या लाल किल्ल्यासमोर जमले. त्यांच्या पुढाऱ्याला बुडो म्हणत. ३ जुलैला गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेन याला स्वातंत्र्य जाहीर करावं लागलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्याच वर्षी कायदा आला. मजुराने वर्षाचा करार करायचा, करार १ ऑक्टोबरला सुरू होणार, मध्येच मळा सोडून जाता येणार नाही. मजुरी अगदीच तुटपुंजी. माणसं कमी पडतात म्हणून १८६३ मध्ये कलकत्त्याहून तीनशेवर हिंदी मजूरही जहाजात घालून इथे आणले. करार संपल्यावर त्यांतले बहुतेक परत गेले. शेवटी १८७८ च्या १ ऑक्टोबरलाच भडका उडाला. मेरी टॉमस आणि तिच्याबरोबरच्या बायकांना लोक आजही 'राण्या' म्हणतात. त्या बंडात कित्येक मळे जळाले आणि फ्रेडरिकस्टेडचा बराच भाग खाक झाला. आता दिसणारी नक्षीदार लाकडी घरं त्यानंतरची. मेरीला डेन्मार्कच्या तुरुंगात पाठवलं होतं. २०१८ साली कोपनहेगनमध्ये तिचा मोठा पुतळा उभा राहिला.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही ओसरीत आइस्क्रीम खात बसलो होतो. लेक पंधरा वर्षांची आहे. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "बाबा, आजोबांचा ऊस कोण तोडायचं?"

"टोळ्या यायच्या," आम्ही म्हटलं. "बीडकडून वगैरे."

"आणि त्यांची मुलं? शाळेत जायची?"

हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो आहे. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या यायच्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', माणसं अशीच मोजायची. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला परत यायचं. शेताच्या कडेला कोप्या घालून राहायचे. पहाटे थंडीत फडात जायचे. त्यांच्यात आमच्याच वयाचा एक मुलगा होता. दोन-तीन हंगाम तो आला. आम्ही शाळेतून आलो की विटीदांडू खेळायचो. तो मोळ्या बांधायचा, धाकट्या बहिणीला सांभाळायचा. एकदा त्याने आमचं भूगोलाचं पुस्तक उघडून बराच वेळ नकाशे पाहिले होते. मग मुकादमाने हाक मारली आणि तो गेला.

आमच्या एम.एस.चं पहिलं विमानाचं तिकीट उसाच्या बिलातून निघालं. ही गोष्ट आम्ही नेहमी अभिमानाने सांगत आलो, 'शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत.' ती खोटी नाही. आजोबांनीही कष्ट केले, पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागवल्या. पण ती पुरी नाही, हे त्या ओसरीत कळलं.

गुलामगिरी आणि आपली ऊसतोड एकच, असं आम्ही म्हणत नाही. लेकीनेही म्हटलं नाही. टोळीतला माणूस विकला जात नव्हता. पण १८४९ चा तो कायदा वाचताना उचलीची आठवण आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दुपारी लेकीच्या पक्षाला समुद्र मिळाला. आम्ही वाळूत बसून राहिलो. रात्री बोटीवरच्या महागड्या इंटरनेटवरून गावी फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. हंगामच चालू होता, मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. क्रूझ कशी काय, जेवण मिळतं का, वगैरे झाल्यावर विचारलं, "आबा, आपल्याकडे टोळीत तो मुलगा यायचा, माझ्याबरोबर खेळायचा, त्याचं नाव काय हो?"

आबांना मुकादमाचं नाव आठवलं. उचल किती दिली होती तेही आठवलं. पोराचं नाव आठवेना. थोड्या वेळाने म्हणाले, "आत्ता जे आलेत त्यांच्यातही पाच-सहा पोरं आहेत. का रे?"

"शाळेत जातात का?"

"साखरशाळा आहे असं म्हणतात. जातात का ते बघून सांगतो."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. दोघं जातात, चौघं जात नाहीत, फडापासून शाळा लांब आहे. आबा आता सकाळी जीपमधून त्या चौघांना सोडतात. पेट्रोलचे पैसे आम्ही पाठवू म्हटलं तर रागावले. त्यांची नावं मात्र त्यांनी लेकीला फोनवर एकेक करून सांगितली आणि तिने ती वहीत लिहून घेतली.

आपल्या मंडळात साखरपट्ट्यातून आलेली घरं बरीच आहेत. पुढच्या वेळी गावी फोन कराल तेव्हा एवढं एक विचाराल का?